परळीच्या मुलखातला नाताळ

परळी वैजनाथ आणि भोवतालच्या मुलखात नाताळ हा थोड्या घरांचा सण आहे. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे शंभरातला जेमतेम एक. त्यांतले बहुतेक मुंबई, वसई, पुणे आणि नगरकडचे असल्यामुळे बीड जिल्ह्यात हे प्रमाण आणखी खाली जाते. परळीचे वर्ष वैद्यनाथाच्या महाशिवरात्रीने आणि श्रावणातल्या सोमवारांनी मोजले जाते. शेजारच्या अंबाजोगाईत योगेश्वरीचे नवरात्र मार्गशीर्षात बसते आणि पौर्णिमेला उठते. ती पौर्णिमा बहुधा डिसेंबरातच येते, त्यामुळे देवीचा उत्सव आटोपून थोडेच दिवस झालेले असतात तोच या भागातल्या ख्रिस्ती घरांवर कागदाचा तारा चढतो. संख्येने हा सण लहान असला तरी त्याची घडण बरीच गुंतागुंतीची आहे. तो युरोपातून तयार होऊन इथे उतरला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मराठवाडा आणि नगर यांच्या बाबतीत ती फारशी खरी नाही.

येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात पाळला जाऊ लागला, इ.स. ३५४च्या एका रोमन पंचांगात त्याची नोंद सापडते. आर्मेनियन चर्च जन्मोत्सव ६ जानेवारीला करते, आणि जुने ज्युलियन पंचांग पाळणारी ऑर्थोडॉक्स चर्चे ७ जानेवारीला. गव्हाणीचा देखावा मांडण्याची चाल संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो या गावी सुरू केली असे मानतात. सजवलेले झाड जर्मनीकडचे. इंग्लंडात ते रुजले राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती अल्बर्ट यांच्यामुळे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. म्हणजे मिशनरी महाराष्ट्रात येऊन स्थिरावले त्या काळात खुद्द युरोपातही नाताळाचे आजचे रूप पुरते ठरलेले नव्हते.

मराठीत येशूच्या जन्माची कथा मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधी सांगितली गेली होती. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाने रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतल्या राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ आहे. त्याच्या दुसऱ्या पुराणात मरियेला देवदूताने दिलेला निरोप, बेथलेहेमचा प्रवास आणि जन्म हे सारे ओवीत येते. देवळातली पुराणे बंद पडल्यावर नव्या ख्रिस्ती लोकांना ऐकायला काहीतरी हवे होते, ती गरज या ग्रंथाने भागवली. या ओवीचा माग परळीच्या शेजारी येऊन पोचतो. ‘विवेकसिंधु’ हा ओवीबद्ध ग्रंथ परंपरेने शके १११०चा, म्हणजे ११८८चा मानतात, आणि त्याचा कर्ता मुकुंदराज याची समाधी अंबाजोगाईला दाखवतात. मुकुंदराजाच्या काळाविषयी आणि स्थळाविषयी अभ्यासकांत वाद आहेत. इतके मात्र खरे की एकनाथ-दासोपंतांपर्यंत मराठवाड्यात घडत आलेला छंद गोव्यातल्या परदेशी पाद्रीने नाताळाच्या कथेसाठी उचलला. पुढे अडीचशे वर्षांनी नगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी हेच आपल्या परीने पुन्हा केले. ‘ख्रिस्तपुराण’ त्यांच्या हाताशी होते असे मात्र नव्हे.

गोवा आणि वसईचा कॅथलिक नाताळ पोर्तुगीज सत्तेच्या छायेत वाढला. तिथे धर्मांतरितांच्या हिंदू चालीरीतींवर कायद्याने बंदी होती. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली अशा चालींची लांबलचक यादीच जाहीर केली. तरीही गोव्याच्या नाताळी ताटात नेवऱ्या राहिल्या. नेवरी म्हणजे करंजीच. मराठवाड्याची गोष्ट वेगळी आहे. इथे ख्रिस्ती धर्म आला तो एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात. त्याच्यामागे ख्रिस्ती राजसत्ता नव्हती आणि आणणारे बहुतांशी प्रोटेस्टंट होते.

या प्रोटेस्टंटांपैकी दोन मोठ्या मिशनांचा मूळचा वारसा नाताळ न पाळण्याचा होता, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१च्या अखेरीस त्यांनी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ठाणे मांडले. ते न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले, म्हणजे प्युरिटनांचे वारस. याच प्युरिटनांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा केला होता. तो १६८१ साली रद्द झाला, तरी नाताळाविषयीचा दुरावा पुढे दीडशे वर्षे टिकला. बायबलमध्ये ज्याची आज्ञा नाही तो सण माणसांनी रचलेला, अशी त्यांची धारणा होती. अमेरिकेत नाताळाला केंद्र सरकारची सुट्टी मिळाली ती १८७० साली.

जालन्याचे काम स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण धर्मोपदेशकाने १८६०च्या दशकात ते उभे केले आणि हैदराबाद राज्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. स्कॉटलंडातले प्रेस्बिटेरियन तर नाताळाच्या बाबतीत प्युरिटनांहून कडक. त्या देशात २५ डिसेंबर सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला १९५८ साली, म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यानंतर अकरा वर्षांनी. याउलट जालन्यापासून साठेक किलोमीटरवर औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते. तिथे रतनजी नौरोजी हे मूळचे पारशी असलेले पाळक अनेक वर्षे होते. ही सोसायटी अँग्लिकन असल्यामुळे तिच्या प्रार्थनाग्रंथात आगमनकाळाचे चार रविवार, नाताळ आणि प्रकटीकरण हे सगळे वर्षाच्या चौकटीत बसवलेले होते. एकाच निजामी सुभ्यात, बैलगाडीच्या दोन-तीन मजलांच्या अंतरावर, एका मंडळीच्या वारशात नाताळाला पूर्ण मान आणि दुसरीच्या वारशात त्याच्याविषयी संशय, अशी ही स्थिती होती.

तिसरा धागा छावणीचा. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची ठाणी औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद इथे होती. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, परळीपासून पंचवीसेक किलोमीटरवर. १९०३ साली ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. गोऱ्या अधिकाऱ्यांचा नाताळ हा ‘बडा दिन’. त्या दिवशी हाताखालच्या लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी साहेबाकडे फळे, सुका मेवा आणि मिठाई यांची ‘डाली’ पाठवायची, अशी रीत इंग्रजी अंमलात सगळीकडे रुळली होती. परळीकडच्या बिगरख्रिस्ती माणसाला नाताळ प्रथम कळला असेल तर बहुधा असाच, साहेबाच्या मेजवानीचा दिवस म्हणून. इंग्रजी राज्यात त्या आठवड्यात कचेऱ्या बंद असत. त्या सुट्टीचा मराठी सार्वजनिक जीवनाने चांगलाच उपयोग करून घेतला. काँग्रेसचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत भरले आणि पुढे कित्येक वर्षे अधिवेशने नाताळाच्याच सुट्टीत होत राहिली. महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेही २५ डिसेंबर १९२७ला. मराठवाड्यातल्या अनेक वस्त्यांत ही तारीख आज नाताळापेक्षा या घटनेसाठी अधिक ओळखीची आहे.

साहेबांच्या बड्या दिनापासून खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाचा नाताळ फार दूर होता. नगर, जालना आणि सोलापूर या पट्ट्यांत ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी खेडीच्या खेडी उद्ध्वस्त केली. मिशनांनी अन्नछत्रे, रस्त्यांची कामे आणि अनाथालये काढली, आणि त्यानंतरच्या वर्षांत मंडळ्या झपाट्याने वाढल्या. दुष्काळ आणि धर्मांतर यांच्या या नात्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. नाताळाच्या इतिहासापुरते पाहायचे तर या काळात सणाचे केंद्र बदलले. वसतिगृहांत आणि अनाथालयांत शेकडो मुले होती, तोपर्यंत अमेरिकेतही नाताळ मुलांचा सण झाला होता, आणि तिकडच्या रविवारच्या शाळा बाहुल्या, कपडे व चित्रांची कार्डे पेट्यांत भरून मिशनांकडे पाठवत. शाळेच्या पडवीत मुलांना ओळीने बसवून बाहुली, सदरा आणि मिठाई वाटणे हा नाताळाचा मुख्य कार्यक्रम बनला. प्युरिटनांच्या पणतवंडांनी पणजोबांचा नियम बाजूला ठेवला तो अशा रीतीने, मुलांसाठी.

सणाला आवाज मिळाला तो कीर्तनातून. हेन्री बॅलंटाइन यांनी १८४२ साली नगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले आणि मराठीत उपासनागीतेही रचली, पण ती इंग्रजी चालींवर बेतलेली होती. खेड्यातल्या माणसाला त्या चाली गळ्यातून काढणे जड जाई. कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि त्यांच्यासारख्या देशी कीर्तनकारांनी पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग ही सारी चौकट तशीच ठेवून तिच्यात येशूचे आख्यान बसवले. जन्मकथा या प्रकाराला फार सोयीची आहे: शिरगणतीचे फर्मान, अवघडलेली बाई, उतारशाळेत न मिळालेली जागा, गोठा, रात्रीचे मेंढपाळ, लहान मुलांच्या जिवावर उठलेला राजा. कंस आणि कृष्णजन्माचे आख्यान ऐकत वाढलेल्या श्रोत्याला यातला एकही प्रसंग परका वाटण्याजोगा नव्हता.

नारायण वामन टिळकांनी हे काम पुढे नेले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरची बरीच वर्षे ते नगरला होते. त्यांचे अभंग आणि पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात मोठ्या संख्येने आहेत, आणि आज नाताळाच्या उपासनेत इंग्रजी चालींच्या भाषांतरित गीतांच्या बरोबरीने तीही गायली जातात. ख्रिस्ती माणसाने पोशाख, भजन आणि बोलणे सोडून साहेब बनण्याचे कारण नाही, हे त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत कायम राहिले. १९१७ साली त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापला तो याच भूमिकेतून. येशूच्या चरित्रावरचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. ‘ख्रिस्तपुराण’ आणि ‘ख्रिस्तायन’ यांच्यामध्ये तीनशे वर्षांचे अंतर आहे. पहिले परदेशी माणसाने मराठीत शिरण्यासाठी लिहिले. दुसरे लिहिणाऱ्याला मराठी कवितेतून बाहेर पडायचे नव्हते.

कॅथलिकांचे काम या भागात सेंट फ्रान्सिस द सेल्स संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाढवले. औरंगाबाद जिल्ह्यातले घोगरगाव हे त्यांचे जुने केंद्र. त्यांच्याकडे नाताळाविषयी संशय कधीच नव्हता. मध्यरात्रीची मिस्सा, गव्हाणीत बाळाची मूर्ती ठेवणे आणि नंतर रांगेने तिचे चुंबन घेणे हा त्यांचा क्रम. मिस्सा लॅटिनमध्ये चाले. प्रवचन तेवढे मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना वाट मोकळी केली आणि पुढच्या काही वर्षांत मध्यरात्रीची मिस्सा सबंध मराठीत होऊ लागली. १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याआधी हा मुलूख अमरावतीच्या धर्मप्रांतात होता. प्रोटेस्टंटांकडे याच सुमारास, १९७० साली, नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन हे तिघे तिच्यात एकत्र आले. नाताळापुरता एकोणिसाव्या शतकातला भेद एव्हाना पुसला गेलाच होता. आता तो कागदावरूनही गेला.

परळीला बाहेरच्या जगाशी जोडले रेल्वेने. निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून बिदर-उदगीरमार्गे आणलेली वाट १९३०च्या सुमारास परळीला पोचली. विकाराबाद आणि बिदर ही मेथोडिस्ट मिशनची ठाणी होती. या मार्गाने परळीचा मुलूख नगर-जालन्याच्या मराठी मंडळ्यांइतकाच तेलुगु आणि कन्नड मंडळ्यांच्याही जवळ आला. मेथोडिस्ट परंपरेत नाताळाचा आठवडा २५ला संपत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री जागून वर्षाचा हिशेब देवापुढे मांडायचा ही ‘वॉचनाइट’ची चाल जॉन वेस्लीने १७४०च्या दशकात इंग्लंडातल्या खाणकामगारांकडून उचलली. दारूच्या गुत्त्यात जाणारी रात्र प्रार्थनेत जावी हा तिचा मूळ हेतू. पुढे १९७१ साली परळीत औष्णिक वीजकेंद्राचा पहिला ३० मेगावॉटचा संच सुरू झाला आणि देवस्थानाचे गाव कोळसा, राख आणि वसाहतींचे गावही बनले. परगावचा नोकरदारवर्ग आला. अशा गावांत नाताळ मिशनच्या आवारातून बाहेर पडतो आणि कॉलनीच्या गॅलरीत, शेजाऱ्यांच्या नजरेसमोर साजरा होतो.

आजचा मराठी ख्रिस्ती नाताळ या सगळ्या थरांचा मिळून झालेला आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला घराला रंग, साफसफाई, मग फराळ. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, अनारसे: यादी दिवाळीचीच, आणि करणाऱ्या बायकाही पुष्कळदा शेजारणीच, कारण दिवाळीत जी शेजारीण करंज्या लाटायला बोलावते तिच्याकडून नाताळात परतफेड असते. केक अलीकडचा. पन्नास वर्षांपूर्वी तो बेकरीत सांगून आणावा लागे; आता लहान गावातही काचेच्या कपाटात मिळतो. दारावर टांगलेला तारा मूळचा जर्मनीतल्या मोरेव्हियन शाळांमधला. तिथे तो एकोणिसाव्या शतकात भूमितीच्या धड्यासाठी कागदाचा करत. पण आकाशकंदील करण्याची सवय असलेल्या हातांना तो शिकावा लागला नाही. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ हेच सामान. झाडासाठी सूचिपर्णी वृक्ष मराठवाड्यात कुठून मिळणार? सुरूची फांदी चालते, नाहीतर प्लॅस्टिकचे झाड.

२५ तारखेच्या आधीचा आठवडा कॅरोलचा. तरुण मंडळी रात्री ढोलकी, टाळ आणि पेटी घेऊन घरोघर जातात, दोन गीते म्हणतात, प्रार्थना होते, चहा-फराळ होतो. संख्या कमी असलेल्या भागात या फेऱ्यांचे महत्त्व शहरापेक्षा अधिक आहे. चर्चपासून लांब, एखाद्या खेड्यात एकट्या राहणाऱ्या कुटुंबाच्या दारी वर्षातून एकदा सगळी मंडळी येते ती याच निमित्ताने. रविवारच्या शाळेची मुले जन्माचे नाटक बसवतात. त्यात मेंढपाळ खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन येतात, कारण बालाघाटाच्या माळावर मेंढपाळ म्हणजे धनगर. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांसाठी मात्र चमचमत्या कापडाचे फेटे शोधावे लागतात.

२५ला सकाळी मोठी उपासना. जन्माचा शास्त्रपाठ, पाळकांचे प्रवचन, दान, बऱ्याच मंडळ्यांत प्रभुभोजनही. मग चर्चच्या दारात गळाभेटी आणि नवे कपडे. दुपारी प्रीतिभोजन. ही पंगत म्हणजे या सणाचा सामाजिक गाभा आहे, आणि तिचे वजन इथल्या जातिव्यवस्थेच्या पार्श्वभूमीवरच कळते: गावजेवणात ज्यांच्या आजोबांना वेगळे बसवले जाई त्यांनी यजमान होऊन सर्वांना वाढणे ही साधी गोष्ट नव्हती. ख्रिस्ती समाजातून जात गेली असे मात्र म्हणता येत नाही; लग्ने ठरवताना ती अजून डोके वर काढते. संध्याकाळी फराळाची ताटे रुमाल घालून हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांकडे जातात. काही मंडळ्या रुग्णालयात फळे वाटतात.

बीड जिल्ह्याची एक अडचण या सणाच्या वाटेत कायमची आहे. डिसेंबर हा ऊसतोडणीच्या ऐन हंगामाचा महिना. दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन निघालेले लाखो कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या हद्दीत खोपटांत राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दिवाळी निदान निघण्याआधी किंवा निघता निघता उरकते. नाताळ हंगामाच्या मध्यात सापडतो, तेव्हा गावांत म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच मागे असतात. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले लोक सुट्टी काढून येतात, त्यामुळे सणाची गर्दी शहरातल्या लेकरांनी भरते आणि मंडळीतल्या नेहमीच्या जागा रिकाम्या राहतात.

नाताळानंतर ३१ डिसेंबरची रात्रीची उपासना होते. बाराच्या ठोक्याच्या आसपास सगळे गुडघे टेकतात, वर्षभरात मृत्यू पावलेल्या सभासदांची नावे काही ठिकाणी वाचली जातात, आणि नव्या वर्षाचे वचन म्हणून बायबलमधले एखादे वाक्य प्रत्येकाला चिठ्ठीवर दिले जाते. हे वचन पुढे वर्षभर देव्हाऱ्याच्या जागी लावलेल्या क्रूसाखाली किंवा कॅलेंडरशेजारी चिकटवलेले दिसते. १ जानेवारीची सकाळची उपासना झाली की परगावचे लोक परळीच्या स्थानकावरून किंवा एसटीने परतीला लागतात. ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण येतो. कॅथलिक तो पुष्कळदा जवळच्या रविवारी पाळतात. तोवर गव्हाणी मांडलेली असते, त्यानंतर ती आवरून पुढच्या डिसेंबरासाठी पेटीत ठेवतात.